निळी पुडी

कारखान्यात तिला सगळे मुंगी म्हणायचे. अंगानं एवढीशी, चालायला भरभर, आणि साखर कुठंही दडलेली असो, हिला आधी कळायची. एकदा गमतीनं कुणीतरी पिण्याच्या पाण्याच्या पिंपात मूठभर साखर टाकून ढवळली. दिवसभर सगळे पाणी प्यायले, कुणाला काही नाही. मुंगी आली, एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवत म्हणाली, "आज पिंपाचा वाढदिवस आहे का रे?"

गोळ्या-टॉफ्यांचा कारखाना तो. दारातून आत पाऊल टाकलं की उकळत्या साखरेची वाफ अंगावर यायची, आणि आठ दिवसांत माणसाला ती लागेनाशी व्हायची. घरी पोरं कुशीत शिरून केस हुंगायची, तेव्हा कळायचं की आपल्या अंगाला वास आहे. नाकाचं तसंच असतं, रोजचं झालं की ते दखल घेणं सोडून देतं. मुंगीच्या जिभेला मात्र रोजचं असं काही नव्हतंच. तिचा प्रत्येक घोट पहिलाच असायचा.

ही अकरा वर्षांपूर्वीची मुंगी. आताची मुंगी तळमजल्यावर, गुंडाळणीच्या टेबलाशी बसायची. मऊ, नाजूक माल यंत्राला सोसत नाही, तो हातानं गुंडाळायचा. गोळी घे, कागदावर ठेव, दोन टोकं धर, पीळ. गोळी घे, कागदावर ठेव. कागदानं घासून घासून तिच्या बोटांवरच्या रेषा पुसट झाल्या होत्या. टेबलाभोवतीच्या बायका पिळता पिळता ओळी जुळवायच्या, एकीनं टाकायची आणि दुसरीनं झेलायची:

पीळ बाई पीळ, कागद दोन टोकांनी,
आतलं गोड गोड खाल्लं परक्या लोकांनी.

वरच्या मजल्यावर चवघर होतं. तिथं जायचा जिना टेबलासमोरूनच चढायचा. मुंगी जिन्याकडे पाठ करून बसायची.

चवघरात सहा खोपटी होती. लाकडी आडोसे घालून केलेली, एका माणसाला पुरतील एवढी. प्रत्येक खोपट्यात एक स्टूल, एक फळी, थुंकायला एक पिकदाणी आणि समोर भिंतीत एक झडप. झडप उघडायची, आतून नमुने यायचे, झडप मिटायची. डोक्यावर लाल दिवा. त्या उजेडात सगळं एकाच रंगाचं दिसायचं, म्हणजे डोळ्यानं जिभेच्या कानात काही सांगायला नको. तिथं बसणाऱ्यांनी अत्तर लावायचं नाही, कांदा खायचा नाही, परीक्षेआधी तासभर पाणी आणि चवघरातलं कोरडं बिस्किट सोडून पोटात काही घालायचं नाही.

या चवघराच्या मुख्य म्हणजे ताई. मुंगीच्या नवऱ्याची थोरली बहीण. कारखान्यात त्यांना ताईसाहेब म्हणत. उंच, ताठ, बोलणं मोजकं. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "माझ्या जिभेशी कोण संसार करणार?"

मुंगी लग्न होऊन घरात आली, त्याच आठवड्यात ताईंनी तिला ओट्याशी बोलावलं. समोर तीन वाट्या पाणी. "डोळे मीट. यातली एक वेगळी आहे. कोणती?" मुंगीनं तिन्ही चाखल्या आणि मधली पुढे सरकवली. "हिच्यात साखर आहे. आणि चमचा आधी मिठाला लागला होता." ताईंनी मधली वाटी स्वतः चाखली. मग सासूबाईंना हाक मारून म्हणाल्या, "आई, ही भांडी घासायची नाही हं. हिला मी नेते."

आणि नेलं. शिकवलंही सगळं. घोट कसा ओढायचा, म्हणजे चवीआधी वास घशामागून नाकात चढतो. दोन नमुन्यांच्या मध्ये कोमट पाण्यानं गुळणी कशी करायची. कोरडं बिस्किट का चघळायचं. एकदा त्यांनी मोठ्या साहेबांना एकाच कढईतल्या दोन गोळ्या दिल्या, एक हिरवी, एक लाल. साहेब चघळून म्हणाले, "लाल जास्त गोड आहे." साहेब गेल्यावर दोघी नणंद-भावजया पदर तोंडात कोंबून हसल्या.

"जिभेला एकटीला काही कळत नाही गं मुंगे," ताई म्हणाल्या. "डोळा सांगतो, नाक सांगतं, शेजारचा सांगतो, मग ही हो म्हणते. निम्मी चव माणूस घरूनच तोंडात घेऊन येतो."

मुंगीनं ते वाक्य ताटलीत पडलेल्या घासासारखं जपून उचललं. पुढं त्याचा काय उपयोग होईल, ते तेव्हा तिलाही ठाऊक नव्हतं.

तीन वर्षं झाली. एकदा ताईंनी पास केलेली एक कढई मुंगीनं अडवली. "तळाला लागलीय. किंचित." साखर खरंच करपली होती. चवघरात कुणीतरी हसून म्हणालं, "ताईसाहेब, तुमच्या मुंगीनं तुम्हालाच मागं टाकलं की!" ताईही हसल्या. त्या वर्षीच्या परीक्षेनंतर मुख्य कोण, याची कुजबुज मात्र त्या दिवसापासून सुरू झाली.

परीक्षा साधी होती आणि म्हणूनच अवघड. तीन पेले. दोहोंत निव्वळ पाणी, एकात साखर, पण इतकी थोडी की ती आहे असा भरवसा असेल तरच लागावी. वेगळा पेला ओळखायचा. अशा सहा खेपा, त्यांतल्या पाच तरी बरोबर यायला हव्यात. मधेच उठला तो नापास. वर्षातून एकदाच बसता येई.

त्या सकाळी मुंगीला खोकला झाला होता. बाहेरच्या पिवळ्या भिंतीच्या बोळात ती खोकत उभी असताना ताई पेला घेऊन आल्या. "खोकत बसलीस तर चव काय घेशील? घशाचं आहे. गुळणी कर चांगली. गिळू नकोस, म्हणजे नियमही मोडत नाही." पाणी कोमट होतं, हिरवट. वास भिजल्या गवताचा. मुंगीनं खळखळून गुळणी केली, दोनदा केली. ताईंच्या हातानं दिलेलं, त्यात काय बघायचं?

मग लाल दिव्याखाली पहिले तीन पेले आले. पहिला पाणी. दुसरा पाणी. तिसरा पाणी. तिनं पुन्हा चाखले. पाणी, पाणी, पाणी. दुसरी खेप तशीच. तिसरीही. जणू रोजच्या ओळखीच्या घरात शिरावं आणि आत एकही माणूस नसावा. सहातल्या एकीचंच उत्तर बरोबर आलं, तेही अंदाजानं.

प्रयोगशाळेतला चष्मेवाला तिची उत्तरांची पाटी दोनदा वाचून म्हणाला, "मुंगीताई, तुम्हीच लिहिलंय ना हे?"

घरी जाताना ताईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "होतं गं असं. जीभ म्हणजे देणगी. असते तोवर असते." तो हात ऊबदार होता. त्याची ऊब मुंगीनं पुढं अकरा वर्षं पाठीवर वागवली, उपकारासारखी.

दुसऱ्या दिवशी साखर गोड लागली. पण खरंच गोड लागली, की साखर गोड असते म्हणून लागली? एकदा हा प्रश्न पडला की तो घासाघासाला पडतो. पुन्हा परीक्षेला बसायची तिची छाती झाली नाही. ती खाली, टेबलाशी गेली. घरी भाजी झाली की पळी घेऊन नवऱ्यामागं फिरायची, "मीठ बघा हो जरा." तो पाहुण्यांदेखत म्हणायचा, "आमच्याकडे स्वयंपाक ही करते आणि चव मी बघतो. वाटणीच झालीय आमची!" सगळे हसायचे, आणि त्यांच्यात तीही हसायची.

*

या वर्षी नवऱ्याला साखरेचा आजार निघाला. सासऱ्यांना होता, तोच वारशानं आला. डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्याच, वर कुणीतरी झाडपाल्याचं औषधही सुचवलं. निळ्या कागदाच्या पुड्या. एक पुडी कोमट पाण्यात भिजवायची आणि प्यायची.

दुपारची वेळ होती. मुंगीनं पेल्यात पाणी घेतलं, पुडी उलगडली, हिरवी पूड वरून सोडली. पूड भिजली, आणि वास आला.

भिजल्या गवताचा.

विचार अजून उठलाही नव्हता, आणि तिच्या डोळ्यांपुढं पिवळी भिंत उभी राहिली. भिंतीचा पोपडा, ताईंच्या मनगटावरचं घड्याळ, पेल्याचा कोमट काठ, आपला खोकला. सगळं एकदम आलं, कुणी दार लोटून आत यावं तसं. नंतर कुठं तिला कळलं की आपल्याला काहीतरी आठवलंय.

तिनं पेला तोंडाला लावला. गुळणी केली. दोनदा केली. मग साखरेचा डबा काढून चिमूटभर साखर जिभेवर ठेवली.

वाळू.

दाताखाली करकरली, विरघळली, गेली. गोड नाही, काहीच नाही. घरात माणूस नाही. तेच रिकामं घर. ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि दर पाच मिनिटांनी चिमूट जिभेवर टाकत राहिली. वाळू. वाळू. तास होत आला तेव्हा वाळूच्या कडेनं गोडी डोकावली, मग वाढली, मग पहिल्यासारखी झाली.

तासाभरात झाली. म्हणजे त्या दिवशीही दुपारपर्यंत जीभ परत आली होती. परत आला नव्हता तो भरवसा, आणि त्याच्यामागं अकरा वर्षं गेली.

तरी तिनं स्वतःला सांगून पाहिलं, ताईंना ठाऊक नसेल. घशाचं म्हणूनच दिलं असेल. आपलं माणूस असं कसं करेल?

रविवारी ताई नेहमीप्रमाणे चहाला आल्या. त्या पलीकडच्याच इमारतीत राहायच्या. फळीवरच्या निळ्या पुड्या बघून म्हणाल्या, "अरे वा, हे अजून मिळतं? बाबांना मीच द्यायचे की, तू यायच्या आधी. दोन वर्षं, रोज सकाळी." मग बशी उचलत, सहज, "हे घेतल्यावर तासभर त्याला गोड काही देऊ नकोस हं मुंगे. या पाल्यानं जीभ मरते. फळसुद्धा पाणचट लागतं."

मुंगीच्या हातातली चहाची गाळणी तशीच राहिली. तिनं ताईंच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. चोरी नव्हती तिथं, भीती नव्हती. शब्द गिळल्याची खूणही नव्हती.

त्या विसरल्या होत्या.

तिचं अख्खं आयुष्य एका पेल्यात बुडवलं, आणि पेला विसळून ठेवावा तसं विसरून गेल्या. आठवण ठेवण्याइतकंही ते मोठं नव्हतं त्यांच्या लेखी. मुंगीच्या पाठीवरची ती ऊब त्या क्षणी उतरली. तिच्या जागी काहीतरी थंड, टोकदार येऊन बसलं, आणि ते तिला आवडलं.

"साखर बरोबर आहे ना, ताई?" तिनं विचारलं.

"दीड चमचा. नेहमीसारखी," ताई म्हणाल्या. त्यांचं कधी चुकत नसे.

*

दुसऱ्या दिवशी मुंगीनं परीक्षेसाठी नाव दिलं. नियमानं कारखान्यातलं कुणीही बसू शकत होतं. या वर्षी ताईंनाही बसायचं होतं. मुख्याला दर तीन वर्षांनी पुन्हा जीभ सिद्ध करावी लागे, नाही तर खुर्ची सोडावी लागे.

टेबलाशी हशा पिकला. "अगं बाई, मुंगीला पंख फुटले!"

"वर जाऊन आम्हाला विसरू नको. जिन्यावरून एखादी गोळी टाक खाली."

"मुंगे, एवढ्या वर्षांनी का गं?" शेजारच्या वयस्क गुंडाळणीवालीनं हळूच विचारलं. मुंगीनं गोळी घेतली, कागदावर ठेवली, आणि आपल्या पाळीची ओळ टाकली:

पीळ बाई पीळ, पिळायाला नाही घाई,
अकरा वर्षांचा पीळ एका दिवसात सुटत नाही.

"ही कुठली गं नवी?" बायका म्हणाल्या, आणि दिवसभर तीच गात राहिल्या.

ताई जिन्यावर भेटल्या तेव्हा हसल्या. "ये की. सहावं खोपटं रिकामंच आहे." मग प्रेमानं म्हणाल्या, "फक्त मनाला लावून घेऊ नकोस हं, नाही जमलं तर."

पाच आठवडे मुंगीनं जीभ घासूनपुसून लख्ख केली. नवरा कामावर गेला की ओट्यावर तीन पेले मांडायची. चमच्याची अर्धी साखर, त्याची अर्धी, त्याची अर्धी. डोळे मिटून पेले फिरवायची, चाखायची. आधी चुकायची. चुकली की ताईंचं ते "पाणचट लागतं" आठवायची, आणि जीभ अशी ताठ व्हायची की पाण्यात साखरेची सावली पडली तरी कळावी. रागाला धार असते, हे तिला नव्यानं समजलं. पळी घेऊन नवऱ्यामागं फिरणं तिनं बंद केलं.

"काय गं, आज मीठ नाही विचारलंस?"

"बरोबर आहे."

"तुला कसं माहीत?"

"माहीत आहे," ती म्हणाली.

चवघराची एक जुनी रीत होती. परीक्षेच्या दिवशी सगळ्यांत नव्या उमेदवारानं सगळ्यांची ताटं लावायची. प्रत्येक खोपट्यात गुळणीच्या कोमट पाण्याचा एक तांब्या, पेला आणि चार कोरडी बिस्किटं. या वर्षी नवी म्हणजे मुंगीच.

परीक्षेच्या सकाळी ती सगळ्यांच्या आधी पोचली. कमरेला निळी पुडी खोचलेली. सहा तांबे भरले. पाच खोपट्यांत ठेवले. सहावा, ताईंचा, मोरीच्या कट्ट्यावर ठेवून ती पुडी उलगडून उभी राहिली. वर पूड, खाली पाणी. मनगट वळवायचाच अवकाश.

तिचा हात थांबला. दयेनं नाही. पूड टाकली तर ताईंची जीभ तासभर मरेल, मग उठेल, आणि ताई म्हणतील, मला फसवलं. फसवलेल्या माणसाचा स्वतःवरचा भरवसा कुठं जातो? मुंगीला कुणीतरी फसवलं होतं हे ठाऊक असतं, तर तीही दुसऱ्या वर्षी ताठ मानेनं परीक्षेला बसली असती. आणि दुसरं म्हणजे, दुसऱ्याच्या गुळणीच्या पाण्याला हात लावणं ही चवीच्या धंद्यातली सगळ्यांत खालची गोष्ट होती. ताई तेवढ्या खाली उतरल्या होत्या. तिला उतरायचं नव्हतं. तिला त्याहून वाईट करायचं होतं.

तिनं पूड मोरीत टाकली, वरून पाणी ओतलं. कागद मात्र झटकला नाही. त्याच्या घड्यांत हिरवी धूळ राहू दिली, आणि त्यावर बोटानं पाण्याचा एक थेंब सोडला. गवताचा वास उठला. साध्या पाण्याचा तांब्या ताईंच्या खोपट्यात ठेवला, आणि कागद बशीत बिस्किटांच्या खाली, शेवटचं बिस्किट उचललं की दिसेल असा.

ताई बरोबर वेळेवर आल्या. खोपट्यात बसल्या. आडोशापलीकडून मुंगीला सगळं ऐकू येत होतं. स्टूल सरकलं. तांब्यातलं पाणी पेल्यात पडलं. खळखळ. एक गुळणी, दुसरी गुळणी, सवयीनं तिसरी. बिस्किटाचा कुरकुर आवाज. एक. दोन. तीन. चार.

बशी खणकन फळीवर आपटली.

नंतर नाकानं ओढलेला एक लांब श्वास. ताई कागद हुंगत होत्या. दोन वर्षं रोज सकाळी भिजवलेला वास. आता मुंगीच्या सोबत त्याही पिवळ्या भिंतीशी उभ्या होत्या, हातात पेला घेऊन.

"मुंगे," आडोशापलीकडून हलका आवाज आला. घोगरा, ओळखू न येणारा.

मुंगीनं खाकरून घसा साफ केला. "काय ताई? घशाला बरं आहे ना?"

तेवढ्यात झडपा उघडल्या. "बोलायचं नाही," चष्मेवाला आतून म्हणाला. "पहिली खेप."

लाल दिव्याखाली तीन पेले. मुंगीनं पहिला घोट ओढला. पाणी. दुसरा. पाणी. तिसऱ्यात, अगदी तळाशी, जिभेच्या टोकाला कुणीतरी बोट लावून पळावं तशी गोडी. तिनं फळीवरच्या पाटीवर खडूनं आकडा लिहिला.

पलीकडे खळखळ चालू होती. गुळणी, थुंकी, गुळणी, थुंकी. ताई जीभ धूत होत्या. पुसत होत्या. मुंगीला ठाऊक होतं, भीतीनं तोंड कोरडं पडतं, आणि कोरड्या जिभेला पाण्याचीसुद्धा चव वेगळी लागते. इतक्या थोड्या साखरेत खात्री म्हणून काही नसतंच. लागली असं वाटलं तर मनातला दुसरा आवाज म्हणणार, भास आहे. नाही लागली तर म्हणणार, बघ, मेली. उठावं तर नापास. ओरडावं तर काय ओरडावं? हा कागद कसला, विचारतील. तुम्हाला कसं माहीत या पाल्यानं जीभ मरते? तुम्ही कुणाला दिला होता कधी? ताईंनीच विणलेलं जाळं, आणि गाठ अशी की ती सोडायला तोंड उघडायचीच चोरी.

चौथ्या खेपेला पलीकडची गुळणी थांबली. मुंगीनं कान दिला. ताई नुसत्या बसल्या होत्या. मग खडू उठला, पडला, पुन्हा उठला.

तो क्षण मुंगीनं सावकाश चाखला. त्याला गोड म्हणता आलं नसतं. तुरट होता, पण तोंडातून जाऊ नये असं वाटायला लावणारा.

निकाल लागला. मुंगीच्या सहाच्या सहा. ताईंच्या दोन. डोळे मिटून खडू आपटला असता तरी दोन आल्या असत्या.

बोळात, त्याच पिवळ्या भिंतीशी, ताईंनी तिला गाठलं. ओठ पांढरे पडले होते. "मला कळलंय तू काय केलंस. लाज नाही वाटली? घरातलं माणूस मी तुझं!"

"मीही घरातलीच होते, ताई."

"तासाभरात माझी जीभ परत येईल. पुढच्या वर्षी बसेन. दाखवते तुला."

मुंगी खोपट्यात गेली, ताईंचा तांब्या घेऊन आली. तळाशी घोटभर पाणी उरलं होतं. ताईंच्या डोळ्यांत बघत तिनं ते पिऊन टाकलं. कमरेला खोचलेली एक गोळी काढली, कागदाचा पीळ सोडला, तोंडात टाकली. सावकाश चघळली.

"गोड आहे," ती म्हणाली.

ताईंनी रिकाम्या तांब्यात वाकून पाहिलं.

"पाणी साधं होतं, ताई. पूड मोरीत गेली. कागद तेवढा ठेवला होता."

"खोटं!"

"मग खोटं धरा." मुंगीनं गोळी एका गालातून दुसऱ्या गालात घेतली. "तुम्हीच शिकवलं होतं. निम्मी चव माणूस घरूनच घेऊन येतो. आज काय घेऊन आला होतात, ते तुमचं तुम्हाला माहीत."

ताईंचा हात भिंतीला गेला. पोपड्याचा चुरा बोटांना लागला. पूड होती तर त्यांना फसवलं होतं. पूड नव्हती तर चाळीस वर्षांची जीभ एका कागदाच्या तुकड्यानं गेली होती. कोणतं खरं, हे सांगणारी जगात एकच व्यक्ती होती, आणि तिच्या शब्दाला काय वजन द्यायचं हेच त्यांना आता ठरवता येईना.

चष्मेवाला बाहेर आला. "ताईसाहेब, काय झालं? बरं नाही का?"

"घसा," त्या म्हणाल्या. "घसा जरा धरलाय."

"मग गुळणी करायची होती की," तो भाबडेपणानं म्हणाला.

*

पुढच्या वर्षी ताई परीक्षेला बसल्या नाहीत. नाव दिलं होतं, आदल्या दिवशी मागे घेतलं. मुख्याच्या खुर्चीवर आता मुंगी बसते. जिन्यावरून जाताना टेबलाशी थांबून एक ओळ टाकते आणि वर जाते.

रविवारचा चहा मात्र चुकलेला नाही. नवऱ्याला बिनसाखरेचा, दोघींना साखरेचा. परवाच्या रविवारी मुंगीनं ताईंपुढं कप ठेवला. ताईंनी एक घोट घेतला. थांबल्या. दुसरा घेतला. कप खाली ठेवला आणि चमच्यानं उगाच ढवळला. मग भावाकडे पाहिलं, पण त्याच्या कपात साखर नव्हती. त्याला काय विचारणार?

त्यांच्या मानेवरची कातडी सैल पडली होती. बघता बघता म्हाताऱ्या झाल्या होत्या.

"मुंगे," त्या म्हणाल्या. "साखर... बरोबर आहे ना गं?"

दीड चमचा. नेहमीसारखी. एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द, आणि या बाईच्या तोंडात तिचं घर परत आलं असतं, माणसांसकट. मुंगीला ते तीन शब्द जिभेच्या टोकावर स्पष्ट लागले.

"अगं सांग की," नवरा म्हणाला. "चवघराची मुख्य तू."

मुंगीनं आपला कप उचलला. वाफ नाकात घेतली, घोट ओढला, गिळला.

"तुम्हीच बघा, ताई," ती म्हणाली. "तुमचं कधी चुकत नाही."